बोर्ड उघडण्याआधी: टीमच्या कामाचा माग ठेवायचा तर काय तयार हवं

टीमची कामं बोर्डावर मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर जिरा असो, ट्रेलो असो की आसना, पहिल्याच दिवशी लॉगिन करून कामाच्या टप्प्यांचे कॉलम बनवायला बसू नका. आधी कागद घ्या. टीमचं नुकतंच संपलेलं एखादं काम निवडा आणि ते कुणाकडून कुणाकडे गेलं, कुठे किती दिवस पडून राहिलं, हे त्या त्या माणसाला विचारून लिहून काढा. काम कसं व्हायला हवं होतं हे नको, झालं कसं ते हवं. बोर्डाचे कॉलम यातूनच निघतात. 'करायचं', 'चालू', 'झालं' हे तीन कॉलम लहान टीमला पुरतातही. पण काम तपासणीपाशी अडत असेल, तर 'तपासणीच्या प्रतीक्षेत' आणि 'तपासणी चालू' असे दोन वेगळे कॉलम ठेवा. एकच ठेवलात तर उशीर तपासणाऱ्याच्या हातून झाला की काम त्याच्या हाती पडायलाच उशीर झाला, हे कधी कळणार नाही.

मग 'झालं' म्हणजे काय ते ठरवा. लिहून झालं, तपासून झालं, की वापरणाऱ्याच्या हातात पडलं? प्रत्येक कॉलममधून कार्ड, म्हणजे एका कामाची चिठ्ठी, पुढे सरकायची अट एका ओळीत लिहा आणि ती बोर्डावरच सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. टक्केवारीचा रकाना असेल तर सरळ बंद करा. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक गमतीचा नियम सांगतात: पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. '८० टक्के झालंय' हे वाक्य ज्यांनी आठवडेच्या आठवडे ऐकलंय, त्यांना हा विनोद वाटणार नाही.

कार्डं एवढी लहान करा की एकेक दोन-चार दिवसांत पुढच्या कॉलममध्ये जाईल. प्रत्येकावर एकच नाव; मदतीला कितीही जण असोत, जबाबदार एकच. तारीख खरोखर बाहेरून आलेली असेल तरच टाका. उगाच टाकलेल्या तारखा लाल होत जातात आणि मग खऱ्या लाल तारखेकडेही कुणी बघत नाही.

चालू कामांवर मर्यादा घालायची की नाही यावर टीममध्ये वाद होईल, तो आधीच होऊ द्या. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं सूत्र इथे कामी येतं: चालू कामांची सरासरी संख्या भागिले कामं संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. बोर्डावर सरासरी २० कामं चालू असतील आणि आठवड्याला ५ संपत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. सगळे कितीही घाईत असले तरी. संपण्याचा वेग तोच ठेवून चालू कामं १० वर आणलीत, तर २ आठवडे.

कार्ड कधी हलवायचं याचा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. सॉफ्टवेअर वेळ नोंदवतं ती कार्ड सरकवल्याची, काम सरकल्याची नव्हे. आठवड्याच्या बैठकीआधी दहा मिनिटांत सगळी कार्डं ढकलणाऱ्या टीमचा संपलेल्या कामांचा आलेख पायऱ्यांसारखा दिसतो आणि त्यातून निघालेली सरासरी निरुपयोगी असते. काम हातात घेतलं की कार्ड हलवायचं, हे बोलून ठरवा. अडलेल्या कार्डाला खूण करायची आणि कुणामुळे किंवा कशामुळे अडलं तेही लिहायचं. नुसती लाल खूण कुणाच्या उपयोगाची नाही.

डॅशबोर्ड, म्हणजे बोर्डावरच्या आकड्यांचा गोषवारा, कोण बघणार, हे टीमला उघड सांगा. कार्डांच्या संख्येवरून माणसांचं मूल्यमापन होणार असा वास आला, की एका कामाची सात कार्डं होतात.

उरलेलं पटकन: जुन्या यादीतली सगळी कामं आयात करू नका, चालू असलेलीच आणा. नोटिफिकेशन आपल्या नावाच्या आणि अडलेल्या कार्डांपुरती ठेवा. कॉलम बदलण्याचा अधिकार दोघांकडेच द्या, म्हणजे एक रजेवर असला तरी काम अडणार नाही, आणि दर आठवड्याला नवा कॉलमही उगवणार नाही.