लहान मुलाला घेऊन धबधब्याला: गोकाकपासून कणकुंबीपर्यंत

तीन ते सहा वर्षांच्या मुलासोबत जायचे असेल, तर धबधबा निवडण्यातच निम्मे काम होते. बेळगावच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे धबधबे अगदी वेगळे आहेत. पूर्वेला गोकाक आणि गोडचिनमलकी. इथला मुलूख मोकळा आहे, गाडी जवळपर्यंत जाते, चालणे थोडे. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चिखले, पारवाड: घनदाट रान, जांभा दगड, जळवा आणि धुके. पहिल्या खेपेला पूर्वेलाच जा. मूल तिथे दोनदा नीट चालले, दगडावर पाय कसा ठेवायचा ते शिकले, की मग पश्चिमेच्या, म्हणजे खानापूर तालुक्यातल्या रानाचा विचार करा.

घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे. समोरच्या काठावरून तो पूर्ण दिसतो आणि मुलासाठी तेवढे भरपूर होते. इथे फसवते ते निरभ्र आकाश. वर हिडकलचे धरण आहे, त्यामुळे गोकाकला पावसाचा थेंब नसतानाही नदी चढू शकते. कड्याच्या माथ्यावरचा खडक कोरडा दिसला तरी मुलाला तिकडे नेऊ नका. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. माकडेही बरीच आहेत, म्हणून खाऊची पिशवी मुलाच्या हातात देऊ नका.

गोडचिनमलकी गोकाकपासून साधारण १५ किलोमीटरवर आहे. मार्कंडेय नदी इथे दोन टप्प्यांत पडते, पहिला सुमारे २५ मीटरचा, दुसरा २० मीटरचा. मुलासाठी वरचा टप्पा दुरून पाहणे पुरे. दुसऱ्या टप्प्याच्या कड्याकडे जायची गरज नाही. या भागात बोली कानडी आहे, तेव्हा वाटेत भेटलेल्या गुराख्याला ‘नीर भाळ ऐतेनरी?’ एवढे विचारता आले तरी पाण्याचा अंदाज मिळतो. पाटीवर ‘अपाय’ असे कानडीत लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ धोका, आणि ती पाटी उगाच लावलेली नसते.

पश्चिमेकडचा, महादयी नदीवरचा वज्रपोहा धबधबा मात्र लहान मुलासाठी नव्हेच. वाट उताराची, रान दाट, आणि मूल दमले तर उचलून वर आणण्याला पर्याय नाही. कणकुंबी भागात भीमगड अभयारण्य (२०११ साली घोषित) आणि आसपासचे राखीव जंगल येते. पावसाळ्यात वनखाते धबधब्यांच्या वाटा बंद करते. गेल्या वर्षी वाट खुली होती म्हणून यंदाही असेल असे धरू नका. आदल्या दिवशी खानापूर किंवा कणकुंबीच्या वनखात्याच्या माणसांना विचारा, आणि नाही म्हणाले तर चोरवाटेने जाऊ नका.

दिवस निवडताना जुलैचा मोह आवरा. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी असते आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. बेळगावात भुरभुर असताना कणकुंबीला मुसळधार पडत असते, म्हणून शहराचे आकाश पाहून ठरवू नका.

वेळेचा हिशेब मुलाच्या पायाने करा. गावातला माणूस ‘अर्धा तास’ म्हणाला तर तो त्याच्या चालीचा असतो, तुम्हाला जायलाच दीड तास लागेल. मूल चालते, थांबते, खेकडा पाहते, पुन्हा थांबते. त्याला घाई केली की ते पडते. बेळगावहून साडेसहाला निघा आणि दुपारी एकच्या आत गाडीपाशी परत या, कारण दुपारनंतर जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पाऊस व धुके वाढले की गाडी चालवणेही कठीण होते. परत फिरण्याची वेळ निघण्याआधीच ठरवा. ती वेळ झाली आणि धबधबा अजून दहा मिनिटांवर असला तरी मागे वळा. मूल वारंवार अडखळू लागले किंवा बडबड थांबवून गप्प झाले, तर घड्याळ न पाहता फिरा, कारण दमलेले मूल परतीच्या उतारावरच घसरते.

मुलाला जीन्स घालू नका. ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारी पँट, लांब मोजे, आणि तळव्याला खोल खाचा असलेले पट्ट्याचे बूट घाला. गमबूट सोयीचे वाटतात, पण ओढ्यात त्यात पाणी भरते आणि पाय आतल्या आत सरकतो. रेनकोट लाल किंवा केशरी घ्या, हिरव्या रानात मूल लगेच दिसते. छत्री नको, हात मोकळे हवेत. गळ्यात शिट्टी अडकवा, पण झटक्याने सुटेल अशा दोरीत. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, शिट्टी जाते. ‘आम्ही दिसेनासे झालो तर जवळच्या झाडाला धरून थांब आणि शिट्टी वाजव’ हे घरीच दोन-तीनदा खेळून घ्या.

सोबत मुलासाठी एक लिटर पाणी, दोन जोड कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, टॉवेल, आणि थर्मासमध्ये गरम नाचणीची आंबील. तुषार आणि वारा यांत भिजलेले मूल फार लवकर गारठते. थरथर सुरू होताच ओले सगळे काढा, अंग पुसा, कोरडे घाला, छातीशी धरा, मग आंबील पाजा. खायला दशमी, केळी, शेंगदाण्याचा बारीक कुटलेला लाडू. गोकाकचा करदंट (सुक्यामेव्याची मिठाई) छान, पण त्यात बदाम-काजू असतात. चार वर्षांखालच्या मुलाला ते देऊ नका, आणि चालता चालता तर कोणालाच खायला देऊ नका, घशात अडकते.

आता चालण्याची पद्धत. चढताना मोठ्या माणसाने मुलाच्या मागे राहावे, उतरताना एक पायरी खाली, अंग आडवे वळवून. ओली बोटे निसटतात म्हणून मनगट धरा. पण मूल घसरले की मनगटाला धरून झटक्यात वर ओढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचा कोपर अशा झटक्याने सहज सरकतो. काखेत हात घालून उचला. खांद्यावर बसवून उतरणे सर्वांत वाईट: तोल वर जातो, आणि फांदी मुलाच्या तोंडावर येते. उचलायचेच असेल तर पाठीवरच्या कापडी झोळीत, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. ओढ्याकाठच्या फांद्यांना हात लावू देऊ नका, पावसात हिरवा चापडा साप अशाच फांदीवर निश्चल बसलेला असतो.

ओढा ओलांडण्याबाबत एकच नियम: पाणी मोठ्याच्या घोट्याच्या वर असेल तर मुलासह ओलांडायचे नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे ‘मघाशी आलो तेवढेच आहे’ हा अंदाज चुकतो. जाताना काठावरचा एक दगड हेरून ठेवा. परतताना तो बुडाला असेल, पाणी गढूळ झाले असेल, पाला-काटक्या वाहत असतील किंवा आवाज वाढला असेल, तर वर पाऊस पडला आहे. उंचावर जा आणि पाणी उतरेपर्यंत बसा. ओढे चढतात तसे उतरतातही. धबधब्याखालच्या डोहात कुणीही उतरू नये, वरून दगड येतात आणि तळाशी पाण्याची ओढ असते.

जळवांसाठी पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर मीठ मिसळलेले कडुलिंबाचे तेल लावा. काही जण तंबाखू चोळतात, मुलासाठी ते अजिबात नको, निकोटिन कातडीतून अंगात जाते. जळू चिकटली तर ओढू नका. बारीक टोकाकडे तिचे तोंड असते, तिथे नख आडवे सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहते, कारण जळू ते गोठू देत नाही. स्वच्छ फडक्याने दाबून धरा, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाही.

जांबोटीपुढे रानात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. कुठे चाललो आणि किती वाजता परतणार हे घरी कळवून जा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. अवयव हलू न देता मुलाला उचलून रस्त्यावर आणा, रेंज मिळताच १०८ ला फोन करा आणि खानापूर किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्या.

घरी आल्यावर मुलाला उघडे करून काखा, मांड्या, कानामागे आणि केसांत गोचीड पाहा. डिसेंबर ते मे या महिन्यांत हे न चुकता करा, कारण सह्याद्रीच्या या पट्ट्यात माकडताप गोचिडांमुळे पसरतो. दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे पहिल्यांदा सांगा.