मारान्सची चॉकलेटी अंडी यंदा उबवायची असतील तर आत्तापासूनच (यूकेमधल्या आपल्या कोंबडीवाल्यांसाठी)

फेब्रुवारी संपत आला, दिवस जरा मोठा व्हायला लागला, आणि ज्यांच्या मागच्या गार्डनमध्ये मारान्स (गडद चॉकलेटी अंडी देणारी कोंबडीची जात) आहेत त्यांचे फोटो यायला सुरुवात झाली, "बघ गं काय रंग आलाय, अगदी डार्क चॉकलेट!" तर सगळ्यात आधी हेच सांगते की या अंड्यावर भाळू नका. हिवाळ्यात कोंबडीचं अंडी देणं दोन-अडीच महिने बंद असतं आणि त्या विश्रांतीनंतरची पहिली काही अंडी गडद येतातच, साधारण कोंबडीचीसुद्धा येतात. मी पहिल्या वर्षी अशाच एका तलंगीच्या (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीच्या) पहिल्या अंड्यांवर खूश होऊन तिचीच सगळी अंडी उबवायच्या मशिनमध्ये घातली, आणि जूनमध्ये बघते तर बाईंची अंडी दुकानातल्या साध्या ब्राऊन अंड्यांसारखी. तोवर तिच्या नऊ पोरी खुराड्यात फिरत होत्या.

असं का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास कवच बनण्यात जातात आणि तपकिरी रंग (प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य) बहुतेक शेवटच्या काही तासांत वरून चढतो. म्हणजे भिंत बांधून झाल्यावर रंगाचा हात मारावा तसा. म्हणून कवच आतून बघा, फिकंच असतं, आणि ताजं ओलं अंडं असताना नख लागलं तर चक्क ओरखडा उमटतो. कोंबडी रोजच्या रोज अंडी द्यायला लागली की हा वरचा हात पातळ होत जातो. त्यात तिचा काही दोष नाही आणि खाद्य बदलून फारसा फरक पडत नाही. झेंडूच्या पाकळ्या, मका, पालेभाजी घातली तर बलक केशरी होईल, कवच नाही. पण रंग हळूहळू न उतरता एकदम दोन दिवसांत उडाला तर मात्र खुराड्याच्या दांड्या रात्री टॉर्च मारून बघा, लाल माइट (रात्री कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे) असतील, नाहीतर कोंबडीला श्वासाचा काहीतरी त्रास सुरू झालेला असेल.

मग निवड कशी करायची? गेल्या वर्षीच्या मे-जूनमधली नोंद असेल तर ती काढा. सलग पंचवीस-तीस अंडी देऊन झाल्यावरही जिचा रंग टिकला ती खरी. मारान्ससाठी १ ते ९ (नऊ सगळ्यात गडद) असं रंगाचं स्केल वापरतात आणि जातीला किमान ४ नंबर लागतो, त्याचं छापील कार्ड मिळालं तर खुराड्याच्या दारालाच अडकवा, कारण मोबाईलच्या फोटोत प्रत्येक अंडं सातच्या वरचंच दिसतं. नोंद नसेल तर यंदा तरी ती करायला घ्या. कोणाचं अंडं कोणतं हे कळत नसेल तर एकेक कोंबडी तीन-चार दिवस वेगळी ठेवा, नंतर आकार आणि ठिपके बघून तुम्हाला आपोआप ओळखता येईल. माझ्याकडे एक आहे तिच्या प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला शिंतोडे असतात, अंधारातही सांगेन तिचं म्हणून.

आणि कोंबड्याला विसरू नका! तो अंडं देत नाही म्हणून लोक त्याची पिसं, तुरा, तोरा बघून आणतात. पण पोरींच्या अंड्याचा रंग निम्मा त्याच्याकडून येतो. तो स्वतः किती गडद अंड्यातून निघाला होता हे विचारा, विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर कोंबडा कितीही देखणा असू दे, सोडून द्या. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरतात. आधी दुसऱ्या जातीचा कोंबडा कळपात असेल तर त्याला काढल्यावर तीन आठवडे थांबा, कोंबडीच्या पोटात बीज तेवढे दिवस जिवंत राहतं, आणि त्या आधीच्या अंड्यातून काय निघेल याची काही गॅरंटी नाही. बरेच जण मुद्दाम निळ्या अंड्याच्या जातीशी क्रॉस करून ऑलिव्ह हिरवी अंडी काढतात, दिसतात छान, मला हरकत नाही, पण ती पिल्लं मारान्स म्हणून कोणाला देऊ नका प्लीज.

शुद्ध म्हणजे नक्की कोणती यावरही इथे भांडणं असतात. ही जात मूळची फ्रान्सची, ला रोशेलजवळ मारान्स नावाचं गाव आहे तिथली, तिकडचं स्टँडर्ड १९३१ चं. फ्रेंच मारान्सच्या पायांना बारीक पिसं असतात, इंग्लंडमध्ये आल्यावर लोकांनी बिनपिसांचे पाय पसंत केले. दोन्ही खरीच, फक्त एका कळपात खिचडी करू नका. नवीन माणसाला मी डार्क कुकू (मारान्समधलाच पट्टेरी पिसांचा प्रकार) सुचवते, कारण पहिल्या दिवशीच बऱ्यापैकी नर-मादी कळतात: नर पिल्लू फिकट आणि डोक्यावरचा पांढरा ठिपका मोठा, पसरट, मादी गडद आणि ठिपका छोटा. शंभर टक्के नाही, पण शेजारी भिंतीला भिंत लागून असतील आणि आरवणारे कोंबडे नको असतील तर हे फार उपयोगी पडतं.

आता वेळ. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिल अखेरपर्यंत अंडी बसवा. एप्रिलमध्ये निघालेली तलंग ऑक्टोबरच्या आसपास अंड्यावर येते. जूनमध्ये काढलेली अंड्यावर यायच्या वेळेला दिवस एवढुसा असतो, मग ती फेब्रुवारीपर्यंत फुकट खात बसते. हे आपल्याकडच्या हिशोबापेक्षा वेगळं आहे, गावाला आजी पावसाळा संपल्यावर खुडूक कोंबडीखाली अंडी मांडायची, इथे तेव्हा मांडलीत तर पिल्लं ऐन थंडीत वाढवावी लागतील.

बसवायची अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, ६५ ग्रॅमच्या आसपास, गुळगुळीत, थंड खोलीत (१२ ते १५ डिग्री, फ्रिजमध्ये नको) निमुळतं टोक खाली करून ठेवा. धुऊ नका, पुसूही नका. आणि एक, अगदी काळपट, नऊ नंबरवालीच निवडून घालू नका. फार गडद अंड्यावरचा थर जाड असतो आणि त्यातून पाणी कमी उडतं, पिल्लू आत ओलंच राहून एकविसाव्या दिवशी चोच मारता मारता मरतं. गडद पण चांगल्या आकाराची, हीच घ्या. पोस्टाने मागवलेली असतील तर निमुळतं टोक खाली करून २४ तास स्वस्थ ठेवा, मगच मशिनमध्ये.

मशिन ३७.५ डिग्री, पंखा असलेलं असेल तर. दमटपणा मात्र पुस्तकात असतो त्यापेक्षा कमी ठेवा, पहिले १८ दिवस मी ३५ ते ४० टक्क्यांवर ठेवते, इंग्लंडमध्ये घरात तेवढा असतोच, बऱ्याचदा पाणी घालावंच लागत नाही. नुसत्या मीटरवर विसंबू नका, किचनचा काटा घ्या. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के उतरायला हवं, म्हणजे ६५ ग्रॅमचं ५७ च्या आसपास. कमी उतरत असेल तर पाणी काढून टाका. १८ व्या दिवशी फिरवणं बंद, पाणी भरा, दमटपणा ६५ च्या वर, आणि मग झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला पूर्ण दिवससुद्धा लागतो, आपला जीव वरखाली होतो, होऊ दे.

टॉर्चने आत बघायचं म्हणाल तर ते सातव्या दिवशी करायच्या भानगडीत पडू नका. पांढऱ्या अंड्यात शिरा दिसतात त्या इथे दिसत नाहीत, अख्खं अंडं काळं ढोण. मी दुसऱ्या वर्षी सातव्या दिवशी "सगळी वांझ" म्हणून सहा अंडी काढली आणि एक सिंकमध्ये फोडलं, तर आत बारीक डोळा आणि हृदय टिकटिक करतंय. त्या दिवशी जेवण गेलं नाही. उरलेली पाच परत आत ठेवली, त्यातली तीन निघाली. आता मी दहाव्या-अकराव्या दिवशी रात्री, जिन्याखालच्या कपाटात दार लावून, जोरदार एलईडी टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावून बघते. जाड टोकाकडे हवेची पोकळी उजळ आणि तिच्या खाली काळी स्पष्ट रेघ दिसली तर ठीक. शंका असेल ते अंडं राहू द्या, फक्त वास येणारं किंवा पाझरणारं लगेच काढा.

खुडूक कोंबडी मिळाली तर मशिनपेक्षा भारी, सिल्की (मऊ पिसांची छोटी जात) तर फारच छान बसतात. तिच्या पायाने घासून अंड्यावरचा रंग पट्ट्यापट्ट्याने निघेल, घाबरू नका.

पिल्लांना पहिला आठवडा ३२ ते ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. भुसा कोरडा ठेवा, तिसऱ्या आठवड्यापासून ओल्या भुशामुळेच रक्ती हगवण लागते. पायात रंगीत रिंग घाला आणि कोणत्या आईचं अंडं ते वहीत लिहा, सप्टेंबरमध्ये आठवणार नाही. पिल्लं वाढतील तशी रिंग बदलत राहा, नाहीतर पायात रुतते.

दोन कायद्याच्या गोष्टी, कारण आपल्या लोकांना माहीत नसतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी रजिस्टर करावंच लागतं (स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबरपासून), फुकट आहे, ऑनलाइन होतं. आणि किचनमधलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायला इथे बंदी आहे, घर पूर्ण व्हीगन असेल तरच सूट. म्हणजे शिळी पोळी, आदल्या दिवशीचा भात, भाजीची देठंसुद्धा ओट्यावरून गेली की नाही चालत. माझ्या सासूबाई आल्या की दर वेळी यावरून वाद होतो, अन्न टाकायचं कसं म्हणतात. मी त्यांच्या हातात थेट वाफ्यातून काढलेला पालक देते, तो घरात न आणता सरळ कोंबड्यांना घालायचा.

निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच अंडी मोजा. सोळाव्या आठवड्याच्या आत बाहेर ओरडायला लागतील, आणि ते सकाळी साडेचारला. कोणाला द्यायचे का रस्सा करायचा ते अंडी मशिनमध्ये घालण्याआधी घरात बोलून घ्या, पोरांनी नावं ठेवल्यावर नको.