सेकंडहँड सीआरटी मॉनिटर घेताय? आधी अर्धा तास चालू ठेवा

जुन्या गेम्ससाठी सीआरटी, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर, शोधत असाल तर विकणाऱ्याला सांगून आधी अर्धा तास चालू ठेवायला लावा, थंड ट्यूबवर रंग आणि फोकस नीट कळतच नाही. मग काळ्या बॅकग्राउंडवर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी लावा आणि कोपरे बघा, रेघांना लाल-निळी किनार दिसली म्हणजे कन्व्हर्जन्स (लाल, हिरवा, निळा एकाच जागी जुळणं) बिघडलंय, भाव पाडा नाहीतर सोडून द्या. डॉट पिच (एकाच रंगाच्या शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर) ०.२५ मिमीच्या आसपास बरा, आणि तुम्हाला हव्या त्या रिझोल्यूशनला ८५ हर्ट्झ रिफ्रेश रेट (सेकंदाला ८५ वेळा चित्र) मिळायलाच पाहिजे, डेस्कटॉपवर ६० ला चित्र लुकलुकून डोळ्यांची पार वाट लागते. ट्रिनिट्रॉनवर (सोनीची ट्यूब) एखाद-दुसरी केसाएवढी आडवी रेघ दिसते, ती आतल्या बारीक तारा हलू नयेत म्हणून लावलेल्या डॅम्पर वायरची सावली, फॉल्ट नाही. ब्राइटनेस फुल करूनही पांढरा मळकटच दिसला तर ट्यूब संपत आलीये, फुकटातही नको.