मेंढीचं माजचक्र शिकायचं असेल, तर पीतपिंडापासून सुरुवात करा

पशुप्रजनन नव्याने शिकणाऱ्यांची एक अडचण मला नेहमी दिसते. संप्रेरकांची नावं तोंडपाठ असतात, पण मेंढी आज माजावर का आली हे सांगता येत नाही. पुस्तकं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून सुरू होऊन अंडाशयापर्यंत येतात. मला मात्र हे चक्र उमगलं ते उलट्या दिशेने, पीतपिंडापासून (बीज सुटल्यावर त्या जागी अंडाशयात बनणाऱ्या तात्पुरत्या ग्रंथीपासून) वाचल्यावर, आणि आता शिकवतोही तसंच.

कागदावर १७ दिवसांची आडवी रेघ ओढा. माजाचा दिवस शून्य धरा. यातले १२ ते १४ दिवस पीतपिंडाचे, म्हणजेच तो स्रवत असलेल्या प्रोजेस्टेरॉनचे. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक सलग झिरपत नाही, ते ठोक्याठोक्याने सुटतं, आणि त्यामागोमाग पिट्युटरी ग्रंथी एलएच हे अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक सोडते. प्रोजेस्टेरॉन हे ठोके विरळ ठेवतं. या काळातही फॉलिकल (बीज असलेल्या पुटिका) वाढतच असतात, त्यांच्या दोन-तीन लाटा येऊन जातात. पण एलएचचं पुरेसं बळ न मिळाल्यामुळे एकही बीज सोडण्यापर्यंत पोचत नाही.

गर्भ राहिला नसेल, तर गर्भाशय पीतपिंड मोडणारं प्रोस्टाग्लँडिन सोडतं. ते गर्भाशयाच्या शिरेतून निघून तिला बिलगलेल्या अंडाशयाच्या धमनीत थेट उतरतं. फुप्फुसात गेलं असतं, तर बहुतांश तिथेच निष्क्रिय झालं असतं. पीतपिंडातलं ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आणखी प्रोस्टाग्लँडिन सोडायला लावतं, म्हणजे पीतपिंड आपल्याच नाशाला हातभार लावतो! गर्भ असेल, तर त्याचं इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन १२-१३व्या दिवसाच्या सुमाराला ही साखळी रोखतं.

पीतपिंड संपल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रोजेस्टेरॉन उतरतं, ठोके जलद होत साधारण तासाला एक असे पडू लागतात, फॉलिकल मोठं होतं आणि त्यातून येणारं इस्ट्राडायोल चढतं. इथे बरेच जण अडखळतात, कारण आतापर्यंत इस्ट्राडायोल जीएनआरएचला आवर घालतं असंच वाचलेलं असतं. पण ते भरपूर असेल, काही तास टिकून असेल आणि प्रोजेस्टेरॉन आड येत नसेल, तर तेच एलएचची मोठी उसळी घडवतं. म्हणून कुठलंही संप्रेरक काय करतं हे विचारताना किती, किती वेळ आणि सोबत दुसरं कोण, हेही विचारा.

उसळी माजाच्या सुरुवातीच्या आसपास येते आणि सुमारे २४ तासांनी बीज सुटतं. माज २४ ते ३६ तास टिकतो, म्हणजे बीज सुटतं ते माज संपत आला असताना. मेंढीत बाहेरून फारसं काही दिसत नाही. ती मेंढ्याच्या मागे जाते, शेपटी हलवते आणि तो उडताना स्थिर उभी राहते. मेंढा जवळ नसेल, तर माज सहज नजरेतून सुटतो.

ऋतूचा भाग थोडक्यात असा: रात्र लांबली की पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं आणि काही आठवड्यांनी चक्र सुरू होतं. दिवस मोठे असताना मात्र थोडंसं इस्ट्राडायोलही ठोके दाबून टाकतं. विषुववृत्ताजवळच्या जातींत हा ऋतूचा परिणाम बराच सौम्य असतो.

आपल्याला विषय समजला का, हे तपासायला मी दोन उदाहरणं देतो. पहिलं, बंद काळाच्या (चक्र थांबलेल्या ऋतूच्या) अखेरीस कळपात अनोळखी मेंढा सोडला की काही मिनिटांत एलएचचे ठोके वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बीज सुटतं, पण माज मुका असतो, म्हणजे मेंढी माजाची लक्षणं दाखवत नाही. का? कारण आधी प्रोजेस्टेरॉन मिळाल्याशिवाय मेंदू इस्ट्राडायोलला माजाच्या वर्तनाने नीट प्रतिसाद देत नाही. दुसरं, प्रोजेस्टोजेनचा (प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचा) स्पंज योनिमार्गात १२ ते १४ दिवस ठेवून काढला की बहुतेक मेंढ्या दोनेक दिवसांत एकदम माजावर येतात. तो स्पंज म्हणजे कृत्रिम पीतपिंडच. ऋतूबाहेर सोबत ईसीजी (गाभण घोडीपासून मिळणारं, फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) टोचतात, कारण तेव्हा मेंढीचे स्वतःचे ठोके अपुरे असतात.

प्रयोगशाळेत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पीतपिंड काम करतोय का हे प्रोजेस्टेरॉनच्या एका रक्तनमुन्यातूनही बऱ्यापैकी कळतं. एलएचच्या एका नमुन्यावरून मात्र ठोक्यांबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी दर १०-१५ मिनिटांनी, कित्येक तास रक्त घ्यावं लागतं. शिरेत कॅथेटर आदल्या दिवशीच बसवून ठेवा, कारण घाबरलेल्या मेंढीत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि एलएचचे ठोके दबतात.