थंडीतली केळी: धुरापेक्षा पाण्याची पाळी सांभाळा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरणं काही नवं नाही. केळीला मात्र त्याची सवय कधीच होत नाही. २६ ते ३० अंशांत ती जोमानं वाढते, १६ च्या खाली मंदावते आणि १० च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. एरवी आठ-दहा दिवसांत नवं पान टाकणारं झाड या दिवसांत पंधरा-वीस दिवस पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) उलगडत नाही. पानांवर पिवळट चट्टे येतात, कडा करपतात. आपल्याकडे चरका बसला म्हणतात तो हाच. तो बघून जीव कासावीस होतो, पण पानांचं नुकसान फेब्रुवारीच्या उन्हात बरंचसं भरून निघतं. घडाचं निघत नाही. म्हणून आधी आपली बाग कोणत्या अवस्थेत आहे ते बघा आणि त्याप्रमाणे खर्च करा.

जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत आता खोडाच्या आत घड तयार होतो आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून शेतकरी निर्धास्त असतो. पण किती फण्या धरायच्या ते झाड याच काळात ठरवतं. पीलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पीक) आणि एप्रिल-मेची लागवड यापेक्षाही नाजूक असते, कारण तिथं ऐन थंडीत निसवण, म्हणजे घड खोडातून बाहेर येणं, चालू असते. पानांचे देठ एकमेकांना चिकटून दाटीनं येतात, घड बाहेर पडायची जागा, म्हणजे झाडाचा गळा, आवळला जातो आणि घड अर्ध्यात अडकतो. कधी तो खोडाची बाजू फाडून तिरपा बाहेर पडतो. असं झाड दिसलं तर गळ्याजवळ बाहेरच्या आवरणाला धारदार विळ्यानं हलकी उभी चीर द्या, आतल्या दांड्याला धक्का लागता कामा नये. काही घड यानं मोकळे होतात. सगळे होत नाहीत.

ऑक्टोबरचा कांदेबाग लहान असल्यानं त्याला पाला कमी आणि ओलाव्याचा आधारही कमी. रोपांवर नॉनवोव्हन कापडाचं क्रॉप कव्हर घालता आलं तर उत्तम. नसेल तर निदान बुंध्याशी उसाचं पाचट किंवा केळीचीच वाळलेली, निरोगी पानं पसरा.

आता पाणी. ओली जमीन दिवसा उष्णता साठवते आणि रात्रभर ती हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली जमीन लवकर गार पडते. शिवाय विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. त्यामुळे थंडीची लाट सांगितली असेल तेव्हा ठिबक संध्याकाळनंतर किंवा पहाटे चालवा. एरवी रात्रपाळीच्या विजेला आपण सगळेच शिव्या घालतो, या दोन महिन्यांत मात्र ती केळीच्या सोयीची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत केळीच्या बागेत बिबट्याचा वावर असतो, तेव्हा एकट्यानं रात्री बागेत जाऊ नका. ऑटो स्टार्टर बसवलेला असेल तर जायची गरजच नाही. आणि पाणी द्यायचं म्हणजे चिखल करायचा नव्हे. थंडीत झाड पाणी कमी पितं. मुळांशी सतत पाणी साचलं तर ती गुदमरतात आणि थंडीचा त्रास दुप्पट होतो. एकूण पाणी तेवढंच किंवा थोडं कमी, फक्त वेळ बदलायची.

धुराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवण्याचा सल्ला दरवर्षी दिला जातो. वारा पडलेला असेल, आच मंद असेल, काडीकचरा थोडा ओलसर असेल आणि शेजारच्या चार-पाच बागांतही त्याच वेळी धूर केला असेल, तर हवेचा थर थोडा उबदार राहतो. एकट्यानं एका कोपऱ्यात भडका उडवला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाग होती तशीच गार राहते. वारं वाहत असेल तर काडीही पेटवू नका. कडेची वाळकी पानं आणि ठिबकच्या नळ्या जळायचा धोका वेगळाच. ज्याच्याकडे पाणी आहे त्यानं धुराच्या भरवशावर राहू नये.

उत्तरेचा गार वारा अडवणं हे धुरापेक्षा कितीतरी मोलाचं. लागवडीच्या वेळीच शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असेल तर ते आता छाटू नका. नसेल तर उत्तरेच्या बांधावर शेडनेट किंवा ज्वारीच्या कडब्याचा तट उभारा. तट थोडा विरळ असलेलाच बरा, पूर्ण बंद भिंतीच्या आड वारा उलट घुसळतो. नाल्याकाठच्या सखल बागेत आणखी एक गोष्ट बघा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. उताराच्या खालच्या बाजूला दाट कुंपण असेल तर ती बागेतच तुंबते. तिथं वाट मोकळी ठेवा.

खतांचा विचार हात राखून करा. गारठलेली मुळं युरियाचा वाढीव डोस उचलत नाहीत, पैसे मात्र जातात. ठिबकमधून नेहमीचे हप्ते चालू ठेवा, पालाशात खंड पडू देऊ नका. झाडाला २०० ते २५० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळून द्या. घड पूर्ण निसवला की केळफूल काढून टाका आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, १०० ग्रॅम युरिया व स्टिकर (फवारा चिकटवून ठेवणारा द्रव) घालून घडावर फवारा. नंतर स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पातळ पिशवी) चढवा. त्यानं घडाभोवतीची हवा थोडी उबदार राहते आणि सालीवर ओरखडेही येत नाहीत. पिशवी खालून उघडीच असू द्या.

दव पडू लागलं की करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग, वाढतो. रोगट पानाचा फक्त करपलेला भाग कापून बागेबाहेर नेऊन नष्ट करा. थंडीनं पिवळी पडलेली पण अजून हिरवा भाग असलेली पानं सरसकट छाटू नका. घड पोसायला झाडाजवळ आठ-दहा तरी कामाची पानं हवीत. करपा दिसत असेल तर प्रोपिकोनॅझोल (२५ टक्के) १० लिटर पाण्यात १० मिली, स्टिकरसह, पानाच्या खालच्या बाजूला पोहोचेल असं फवारा.

थंडीत पोसलेला घड कापणीला महिनाभर उशिरा येऊ शकतो. व्यापारी घाई करेल; गर भरल्याशिवाय आणि फळाच्या धारा गोल झाल्याशिवाय कोयता लावू नका. चरका बसलेल्या फळाची साल सोलली तर आत तपकिरी रेषा दिसतात आणि पिकल्यावर रंग मळकट येतो. म्हणून एक-दोन फळं सोलून बघा आणि असा माल चांगल्या मालात मिसळू नका. कापलेले घड रात्रभर उघड्यावर तर मुळीच ठेवू नका. शीतगृहातसुद्धा केळी १३ ते १४ अंशांखाली नेत नाहीत, आपल्याकडची जानेवारीची पहाट त्याहून गार असते. गाडी सकाळी येणार असेल तर कापणीही सकाळीच.

फळपीक विमा घेतलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा: कमी तापमानाची भरपाई तुमच्या बागेतल्या थर्मामीटरवर ठरत नाही. महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राची नोंद धरली जाते आणि तीही सलग दिवसांची. त्या नोंदी रोजच्या रोज टिपून ठेवा, त्यांची गरज पुढं पडते.