रशियन शिकायचीय? मग इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी बाहेर काढा

बारावीनंतर मी घरी सांगितलं की मला रशियन शिकायचीय, तर अप्पा म्हणाले, "रशियाच बघायचा असंल तर डॉक्टर व्हायला जा की, नुसती भाषा शिकून काय करणारैस?" आमच्या जिंतूरकडं रशिया म्हणजे एमबीबीएस, दुसरं काही डोक्यातच येत नाही. अप्पांना नंतर पटलं का नाही ते सोडा, पण दर जूनला गावाकडचं कुणीतरी फोन करून रशियन कुठं आणि कशी शिकायची हे तेच तेच विचारतं म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी कुठं शिकायचं ते. पदवीच करायची असेल तर दिल्लीचं जेएनयू, तिथं रशियनमध्ये बीए ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटीवर (विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) होतो आणि आधी रशियनचं एक अक्षरही यायची गरज नसते, बाराखडीपासून सुरू करतात. परभणी-नांदेडवाल्यांना सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीत नेऊन सोडते, गाडी बदलायची नाही, घरच्यांना पटवायला हा मुद्दा लई कामाला येतो. हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे, लातूर-नांदेडवाल्यांना ते मुंबईपेक्षा जवळ. दुसरी डिग्री चालू ठेवून शिकायचं असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट-डिप्लोमा, मुंबईत कलिन्याला विद्यापीठाचा विभाग, नाहीतर पेडर रोडचं रशियन हाऊस, म्हणजे रशियाचं सांस्कृतिक केंद्र.

लिपीला घाबरू नका. 33 अक्षरं आहेत, आठवडाभरात येतात. फक्त इंग्रजीसारखी दिसणारी फसवतात, पी दिसतो तो र असतो, एच दिसतो तो न, सी म्हणजे स, त्यामुळं रेस्टॉरंटची पाटी आपण पहिल्यांदा हमखास 'पेक्टोपाह' अशी वाचतो. फोनमध्ये रशियन कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाका. आणि हातानं लिहायची वळणदार लिपी टाळू नका, मी टाळली आणि पहिल्या सेमिस्टरला मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं मला नुसत्या हुकांची माळ दिसायची.

आता माझा खरा मुद्दा. पुस्तकं इंग्रजीतून असतात, शिकवणारेही बरेचदा इंग्रजीतून समजावतात, आणि तिथंच आपली पोरं अडकतात. एका वर्गात (कुठल्या ते राहू द्या) सरांनी तृतीया विभक्ती शिकवायला तीन तास इंग्रजी 'विथ' घेऊन घालवले, कुणालाच कळेना. मग मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: या पिशू रूच्कोय, मी पेनानं लिहिते. रूच्का म्हणजे पेन, रूच्कोय म्हणजे पेनानं. संपला विषय! रशियनला सहा विभक्त्या आहेत, इंग्रजीवाल्याला त्या डोंगर वाटतात, आपण तर शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलंय. 'मला आवडतं' हे रशियनमध्येपण 'मला'च, म्न्ये न्रावित्सा. 'मला थंडी वाजतेय' म्न्ये खोलद्ना. 'माझ्याकडं पुस्तक आहे' हे ऊ मिन्या येस्त क्नीगा, म्हणजे तिथंही 'माझ्याकडं'च, इंग्रजीतलं 'हॅव' नाहीच. लिंगं तीन, आपल्यासारखीच. भूतकाळात तो वाचत होता चिताल, ती वाचत होती चिताला, क्रियापद लिंगाप्रमाणं बदलतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. चाकूतला च आणि चहातला च वेगळा, हे तिकडं दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात. तू-तुम्ही पण आहे, तू म्हणजे 'ती' आणि तुम्ही म्हणजे 'वी'. आणि नावात मधे बापाचं नाव, अगदी आपल्यासारखं, फक्त तिकडं सरांना हाक मारतानाच नाव आणि बापाचं नाव दोन्ही घ्यायचं, म्हणून शिक्षकांची नावं पूर्ण पाठ करा.

मराठी सगळीकडं वाचवत नाही पण. शब्दातला आघात, म्हणजे जोर, कुठं पडतो ते शब्दासोबतच पाठ करा, 'मूका' म्हटलं तर यातना आणि 'मुका' म्हटलं की पीठ, लिहायला दोन्ही सारखंच. आघात नसलेला ओ हा अ सारखा होतो, लिहायचं मोलोको आणि म्हणायचं मलाको, म्हणजे दूध. आकड्यांनंतर शब्द वेडेवाकडे होतात, एक रुब्ल, दोन रुब्ल्या, पाच रुब्लेय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जाण्याची क्रियापदं. आपण शेतात पण जातो आणि मुंबईला पण जातो, त्यांना पायी गेलात का गाडीनं, एकदा गेलात का रोज जाता, हे क्रियापदातच सांगावं लागतं.

संस्कृती पुस्तकातून थोडी आणि माणसांत जाऊन जास्त येते. उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही, आधी आत या (आपल्या आजीला हे लगेच पटेल), फुलं द्यायची तर विषम संख्येत, सम फुलं अंत्यविधीला.

तिकडं शिकायला जायचं असेल तर रशियन सरकारची स्कॉलरशिप आहे, त्यात ट्यूशन फी माफ होते, विमानाचं तिकीट आणि विमा आपला. पदवी रशियनमधून असते म्हणून आधी बहुतेक एक वर्ष पूर्वतयारीचं, आणि भाषा बी1 (मध्यम) पातळीपर्यंत न्यावी लागते. वर्ष 1 सप्टेंबरला सुरू, वर्गाचा एक तास म्हणजे 90 मिनिटं, त्याला पारा म्हणतात. मार्क पाचपैकी, आणि परीक्षा बरेचदा तोंडी, टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या उलट्या ठेवलेल्या असतात, त्याला बिल्येत म्हणतात, उचलायची आणि बोलायचं. म्हणून इथूनच मोठ्यानं बोलायची सवय करा, खोलीत कुणी नसलं तरी.

मी एक सेमिस्टर तिकडं होते तेव्हा माझ्या बिल्येतवर अफानासी निकीतिन आला, 15व्या शतकातला त्वेर गावचा व्यापारी. हा माणूस चौलला उतरला, विकायला आणलेला घोडा जुन्नरच्या खानानं काढून घेतला, मग परत मिळाला आणि शेवटी बिदरला विकला. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारी! मी खुशीत दहा मिनिटं बोलले, बाई हसत होत्या, मला वाटलं पाच नक्की. चार दिले. मी निकीतिनला 'शोल' (पायी गेला) लावून अख्खा समुद्र पायी चालवला होता.