जुना बायोस काढून ठेवल्याशिवाय झिऑनला हात लावू नका

७७५ सॉकेटच्या जुन्या बोर्डावर ७७१ सॉकेटचा झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, बसवायचा असेल तर पहिलं काम एकच: बोर्डावरच्या चिपमध्ये आत्ता जो बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) आहे तो जसाच्या तसा वाचून त्याची प्रत काढून ठेवा. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल म्हणजे ही प्रत नव्हे. काही बोर्डांत लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा ओळख क्रमांक) आणि सिरियल नंबर याच चिपमध्ये लिहिलेले असतात. ते साइटवरच्या फाइलमध्ये कुठून येणार? मागच्या वेळी मी नेमकी हीच प्रत घेतली नाही. प्रोसेसर उत्तम चालला, पण मॅक पत्ता गेला. फाँटच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्या पत्त्याला बांधलेला होता, त्यामुळे ऐन लग्नसराईत पत्रिकांचं काम अडकलं.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या डीटीपीच्या दुकानांत जी४१ चिपसेटचे, ७७५ सॉकेटचे बोर्ड अजून रोज चालतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी पत्रिका करायची तर जुने फाँट आणि जुन्या फाइली लागतात, म्हणून मशीन बदलवत नाही. तिथे दोन कोरच्या जागी चार कोर आले की फरक खरंच जाणवतो. पण हे काम हंगामात काढू नका. लग्नसराई नको, गणपतीच्या आधीचा महिनाही नको.

प्रोसेसर घेताना वॅट बघा. एक्स५४६० वेगवान आहे, पण १२० वॅट खातो. स्वस्तातल्या जी४१ बोर्डाला तो पेलवत नाही. ई५४५० घ्या: ८० वॅट, ३ गिगाहर्ट्झ. फारच साधा बोर्ड असेल तर ५० वॅटचा एल५४२०. ई५४५० च्या धातूच्या टोपीवर एसएलबीबीएम कोरलेलं असेल तर तो ई० स्टेपिंगचा (म्हणजे त्या आवृत्तीचा), त्याची ओळख १०६७ए. एसएलएएनक्यू असेल तर सी०, ओळख १०६७६. हे कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे. ७७५ सॉकेटमध्ये बसावा म्हणून खाचा पाडलेला आणि स्टिकर लावलेला प्रोसेसर मिळतो, तोच मागवा. स्टिकर दोन संपर्कांची अदलाबदल करतो, तो तिरका बसला तर मशीन उठत नाही. सॉकेटमधले प्लास्टिकचे उंचवटे ब्लेडने कापायच्या फंदात पडू नका. ब्लेड निसटलं की पिना वाकल्या, आणि वाकलेल्या पिना सरळ करणारा माणूस गावात मिळेलच असं नाही.

आता प्रत कशी घ्यायची ते. सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र) आणि आठ पायांची क्लिप लागते. या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर चिप छोट्या सॉकेटमध्ये असते, ती अलगद उपसून थेट प्रोग्रॅमरमध्ये बसवता येते. बोर्डावर सोल्डर केलेली असेल तरच क्लिप. आधी पॉवर सप्लायची वायर काढा, सेलही काढा. चिपवरचा बारीक ठिपका म्हणजे पहिला पाय. क्लिपची लाल तार तिथेच आली पाहिजे. एकदा वाचा, फाइल सेव्ह करा. क्लिप काढून पुन्हा लावा, पुन्हा वाचा. दोन्ही फाइलींचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा) तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही तर तिसऱ्यांदा वाचा, पण न जुळलेली प्रत घेऊन पुढे जाऊ नका. ८ मेगाबिटची चिप असेल तर फाइल बरोबर १०,४८,५७६ बाइटची हवी. उघडल्यावर सगळीकडे एफएफ एफएफच दिसत असेल तर क्लिप टेकलेलीच नाही, ती प्रत शून्य कामाची. नीट आलेली प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, फोनमध्येही ठेवा. त्याच मशीनच्या हार्ड डिस्कवर ठेवून काय उपयोग? मशीन उठलं नाही तर ती काढणार कशी?

झाली का प्रत? नसेल तर पुढचं वाचू नका.

आता बायोसमध्ये झिऑनचा मायक्रोकोड (प्रोसेसर नीट चालावा म्हणून बायोस त्याला देतो तो छोटा कोड) घालायचा. बदल करायचा तो या प्रतीच्या कॉपीवर, मूळ फाइलवर नाही. एएमआय बायोस ८ असेल तर एमएमटूल ३.२२, अवॉर्ड बायोस असेल तर सीबीरोम, ही त्यासाठीची सॉफ्टवेअर. इथे एक चकवा आहे. बायोसमध्ये १०६७ए दिसला म्हणजे काम झालं असं नाही. डेस्कटॉपच्या कोअर २ क्वाडची ओळखही तीच असते, पण मायक्रोकोडवर प्लॅटफॉर्मची वेगळी खूण असते. झिऑनसाठीचा मायक्रोकोड वेगळा घालावा लागतो. नाहीतर बोर्ड उठला तरी नाव चुकीचं दाखवेल, किंवा एसएसई ४.१ (प्रोसेसरचा एक जादा सूचनासंच) बंद राहील. जागा पुरत नसेल तर जुन्या पेंटियमचे मायक्रोकोड काढा, पण आत्ता बसवलेल्या प्रोसेसरचा काढू नका.

फ्लॅश, म्हणजे बदललेली फाइल चिपमध्ये लिहिणं, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करा. यूपीएस लागतोच, आणि त्याची बॅटरी खरंच टिकते का ते आधी पाहा. हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) दुरुस्ती असली की पेपरात येतं, ते बघून दिवस ठरवा. खानापूरकडे पावसात वारा सुटला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तिकडे तर जून ते ऑगस्ट विषयच काढू नका. आणि फ्लॅशचं बटण दाबण्याआधी पुन्हा एकदा: मूळ प्रत पेन ड्राइव्हवर आहे ना? उघडून बघा.

पुढचं सोपं. जुन्या प्रोसेसरवर मशीन उठलं, मॅक पत्ता तोच दिसला, की बंद करा, झिऑन बसवा, पेस्ट, कूलर, सीमॉस क्लिअर (बायोसची सेटिंग पुसणं). अंधारच राहिला तर जुना प्रोसेसर परत लावा, स्टिकर तपासा. उठलं तर सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) एसएसई ४.१ आहे का पाहा. तासभर लोड देऊन तापमान बघा, आणि प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेटवर (त्याला वीज पुरवणारे छोटे भाग) हीटसिंक नसेल तर पंख्याची हवा तिथपर्यंत पोचते याची खात्री करूनच कॅबिनेट बंद करा.